डबल रोटरचं हेलिकॉप्टर गरगर फिरतं, ट्रिम केलं की थांबतं, आठ दिवसांनी पुन्हा तेच

दिवाळीनंतर धरणगावकडचा एक पोऱ्या दुकानात आला. हातात रिमोटचं हेलिकॉप्टर, एकावर एक दोन पंखे, म्हणजे रोटर, असलेलं, शेपटीला उभा पंखा नाही. म्हणाला, "काका, हाई उडस, पन गरगर फिरस." माझं दुकान मोबाइल दुरुस्तीचं, अमळनेरला, पण सोल्डरिंग गन दिसली की लोक मिक्सरपासून खेळण्यापर्यंत सगळं आणतात. मी रिमोटवरचं ट्रिमचं, म्हणजे आपोआप वळणारं नाक सरळ करायचं, बटण उजवीकडे चार-पाच वेळा दाबलं, हेलिकॉप्टर काउंटरवर सरळ तरंगलं, पोरगा खूश, मीही खूश. पैसे घेतले नाहीत.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. मी पुन्हा ट्रिम केलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा ट्रिम उजव्या टोकाला जाऊन बसलेली, पुढे दाबायला जागाच नाही, आणि हेलिकॉप्टर डावीकडे भिंगरीसारखं फिरतंय. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की दोन वेळा मी दुरुस्ती केलीच नव्हती, नुसती झाकपाक केली होती.

दोष सापडला तेव्हा हसू आलं. आतल्या शाफ्टला खालच्या बेअरिंगपाशी कापसाची तार गुंडाळलेली होती, पार वळून दोरी झालेली. घरात वेचलेला कापूस रचून ठेवलेला आणि हा पठ्ठ्या त्याच ओट्यावर उडवत होता. ऑक्टोबर ते जानेवारी खानदेशात कापसाचा तंतू नाही असं घर शोधून दाखवा. त्यानंतर अशी सात-आठ हेलिकॉप्टरं हातून गेली. प्रत्येकात कापूसच निघाला असं नाही, पण चूक बहुतेक वेळा एकच होती: दोष यंत्रात, आणि उपाय रिमोटवर.

आधी हे सरळ उभं राहतं कशामुळे, ते बघू. ड्रिल मशीनचं बिट भिंतीत अडकलं की मशीन हातात उलटं फिरायला बघतं, मनगट पिरगळतं. हेलिकॉप्टरचं इंजिन पंखा एका बाजूला फिरवतं, तेव्हा बॉडीला तसाच उलटा पीळ बसतो. याला टॉर्क म्हणतात. साध्या हेलिकॉप्टरात शेपटीचा उभा पंखा तो पीळ अडवतो. डबल रोटरमध्ये एक पंखा उजवीकडे फिरतो, दुसरा डावीकडे, दोघांचे पीळ एकमेकांना खाऊन टाकतात. नाक वळवायचं असेल तेव्हा ही बरोबरी मुद्दाम थोडी बिघडवायची. खेळण्यांत दोन मोटारी असतात, एक वरच्या रोटरला आणि एक खालच्या. आतला सर्किट बोर्ड एकीला जास्त करंट देतो, दुसरीला कमी. उचल जवळपास तेवढीच राहते, पण पिळाचा तोल ढळतो आणि नाक वळतं.

म्हणजे स्टिकने तुम्ही जे मुद्दाम करता, तेच अडकलेलं बेअरिंग न विचारता करतं.

यातून निघणारा एक नियम मी काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवलाय. वरून पाहायचं; उजवीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावीकडे म्हणजे त्याच्या उलट. बॉडी ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने फिरणारा रोटर कमी पडतोय. पटत नसेल तर असा विचार करा: वरचा रोटर डावीकडे फिरतो, त्यामुळे तो बॉडीला उजवीकडे ढकलतो. खालचा बॉडीला डावीकडे ढकलतो. वरचा ढिला पडला की खालच्याचं ढकलणं वरचढ होतं आणि बॉडी डावीकडे जाते, म्हणजे वरच्या रोटरच्याच दिशेने. धरणगावच्या पोराचं हेलिकॉप्टर डावीकडे फिरत होतं आणि त्याचा वरचा रोटर डावीकडचाच होता. पहिल्याच दिवशी एवढं बघितलं असतं तर त्याच्या एसटीच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. तुमच्या मॉडेलमध्ये कोणता रोटर कुठे फिरतो ते आधी बघून घ्या, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं.

या नियमाला एक अपवाद आहे, त्याच्याकडे खाली येतो.

तोच दोष परत परत का येतो, याचं उत्तर बोर्डात आहे. या बोर्डावर एक छोटा गायरो असतो. बॉडी वळायला लागली की तो ओळखतो आणि दोन मोटारींच्या करंटमध्ये फरक करून तिला अडवतो. साधा गायरो वळण्याचा वेग फक्त कमी करतो, थोडं सरकणं राहतंच आणि ते आपण ट्रिमने मारतो. जरा महागड्या बोर्डावरचा गायरो दिशा धरून ठेवतो, त्यात तर दोष दिसतच नाही. समजा तरंगण्यासाठी दोन्ही मोटारींना ७० टक्के ताकद लागते. एक शाफ्ट अडायला लागला की बोर्ड त्या मोटारीला ८० देतो, पुढच्या आठवड्यात ९० देतो. तुम्हाला वाटतं सगळं झकास चाललंय. एक दिवस ती मोटार १०० वर पोचते, त्यापुढे द्यायला बोर्डाकडे काही नसतं, आणि हेलिकॉप्टर अचानक फिरायला लागतं. म्हणून लोक सांगतात, "कालपर्यंत चांगलं होतं." कालपर्यंत ते चांगलं नव्हतं, गायरो ओझं वाहत होता.

"पूर्ण बॅटरीवर सरळ उडतं, तीन-चार मिनिटांनी फिरायला लागतं" ही तक्रारही त्यातलीच. व्होल्टेज उतरतं, दोन्ही मोटारींना जास्त टक्के लागतात, आणि आधीच ओझ्याखाली असलेली मोटार सगळ्यात आधी १०० वर पोचते. लोक अशा वेळी नवी बॅटरी आणतात. नव्या बॅटरीने महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच.

आता तपासणी. पहिली गोष्ट, ट्रिम मधोमध आणा. हे जिवावर येतं, कारण हेलिकॉप्टर जास्तच फिरायला लागतं, पण तेच तर बघायचंय. मग बॅटरी जोडताना मॉडेल सपाट जागेवर ठेवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. त्या काही सेकंदांत गायरो "मी स्थिर आहे" हे शिकत असतो. त्याच वेळी तुम्ही हातात धरून झाकण बसवत असाल, तर हलण्यालाच तो स्थिर समजतो आणि मग पुढचं सगळं उड्डाण वाकडं जातं. माझ्याकडे आलेल्यांपैकी दोन हेलिकॉप्टरांना एवढंच झालेलं होतं. त्या दोघांकडून मी चहा घेतला.

इथेच आपल्याकडच्या उन्हाची भानगड येते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कूलरच्या खोलीत बॅटरी जोडली, गायरो तिथे स्थिर झाला आणि मग मॉडेल बाहेर नेलं, तर तापमान बदलल्याने त्याचं शून्य सरकतं. नाक हळूहळू एकीकडे जायला लागतं. मॉडेल बाहेर सावलीत दहा मिनिटं ठेवा आणि मग बॅटरी जोडा. खरं तर मे महिन्यात सकाळी सातच्या आधीच उडवावं, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही फुगत नाही.

गायरोची शंका मिटली की घरातला कॅरम बोर्ड बाहेर काढा. हेलिकॉप्टर त्यावर ठेवायचं, थ्रॉटल (पंख्यांचा वेग) इतकंच द्यायचं की ते उचलत नाही पण हलकं होतं, आणि ते कुठे वळतं ते वरून बघायचं. हवेत बघण्यापेक्षा हे सोपं, कारण वारा नसतो आणि घाबरून स्टिक हलवली जात नाही. कॅरमची पावडर मात्र टाकू नका. मी एकदा टाकली. रोटरच्या हवेने ती सगळी उडून बेअरिंगमध्ये गेली आणि एका दोषाचे दोन झाले. पाती डोळ्यांच्या उंचीवर येतील असं वाकूनही बघू नका.

दिशा कळली म्हणजे कमजोर रोटर कळला. आता बॅटरी काढा आणि त्या रोटरच्या शाफ्टकडे वळा.

मोटारीचे स्क्रू ढिले करून ती थोडी मागे सरकवली की पिनियन, म्हणजे मोटारीच्या टोकाचं छोटं गिअर, मोठ्या गिअरमधून सुटतं. आता रोटर बोटाने फिरवून सोडा. निरोगी शाफ्ट गुळगुळीत फिरून हळूहळू थांबतो, अडलेला गचकन थांबतो किंवा फिरताना खरखर लागते. वरच्या रोटरला आडवी वजनाची दांडी असते, तिच्यामुळे तो जास्त वेळ फिरणारच, म्हणून वरच्या-खालच्याची आपसात तुलना करू नका. बेअरिंगपाशी भिंग लावून बघा. तंतू, केस, मांजरीची लव, गोधडीचा दोरा, काहीही असतं. सुईने किंवा टोकदार चिमट्याने काढा, ब्लेडने नको, शाफ्टवर ओरखडा पडतो. मग मोबाइलवाल्यांकडे मिळणाऱ्या आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) एक थेंब, वाळू द्या, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. काळ्या मातीच्या धुळीत जास्त तेल म्हणजे आठवड्याभरात बेअरिंगमध्ये चिखल.

तंतू नेमका कुठे अडकलाय याने फरक पडतो, हे मला उशिरा कळलं. शाफ्ट आणि बॉडीचं बेअरिंग यांच्यामध्ये असेल तर तो एकच रोटर मंदावतो आणि बॉडी फिरते. पण आतला शाफ्ट बाहेरच्या पोकळ शाफ्टमधून जातो, त्या दोघांच्या मध्ये काही अडकलं तर दोघे एकमेकांना सारखंच अडवतात. तेव्हा हेलिकॉप्टर फारसं फिरत नाही, पण उचलत नाही, आणि मोटारी दोन मिनिटांत चटका बसेल इतक्या तापतात. "फिरत नाही पण उडतही नाही" असं कुणी सांगितलं की मी आतला शाफ्टच बाहेर काढतो. काढला की काचेवर लोळवून बघायचा. वाकडा असेल तर टकटक करतो. वाकडा शाफ्ट सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.

शाफ्ट स्वच्छ आहे, तरी तोच रोटर कमजोर, तर मोटार बघायची. या छोट्या मोटारींमध्ये ब्रश झिजतात आणि दोन्ही सारख्या झिजत नाहीत. पिनियन सुटं असताना १.५ व्होल्टच्या सेलवर, सेल आणि मोटार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून, दोन्ही मोटारींचा करंट बघा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक मोटार स्पष्ट जास्त करंट खात असेल किंवा सुरू व्हायलाच अडखळत असेल, तर ती गेली. अदलाबदल करून बघायचा मोह होतो, मीही करतो, पण दोन मोटारी उलट दिशांना फिरतात, त्यामुळे तारांचं प्लस-मायनसही बदलावं लागतं. काही मोटारी एकाच दिशेला ताकद देतील अशा बनवलेल्या असतात, त्या उलट फिरवल्या की कमीच पडतात आणि तपासणी फसते. जमलं तर दोन्ही मोटारी एकदम बदला. एक नवी एक जुनी म्हणजे पुन्हा ट्रिमचं लफडं. नवी मोटार पाण्यात बुडवून फिरवा म्हणजे ब्रश बसतात, असं सांगणारे भेटतील. मी सेलवर दहा मिनिटं रिकामी फिरवतो, तेवढ्यावर काम होतं.

पिनियनचा एक छुपा दोष: प्लास्टिकचं पिनियन तडकलेलं असेल तर थंड असताना पकडतं, मोटार तापली की शाफ्टवर घसरतं. मोटारीचा शाफ्ट आणि पिनियन यांच्यावर मार्करची एक रेघ ओढा, एकदा उडवा. रेघ तुटली तर पिनियन बदला.

आता तो अपवाद. पाती. मागच्या उन्हाळ्यात एकाने हेलिकॉप्टर गाडीत मागच्या काचेखाली ठेवलं आणि गाडी दुपारभर पारोळा रोडला उन्हात. खालच्या रोटरचं एक पातं गरम होऊन पिळलं, त्याचा कोन वाढला. जास्त कोन म्हणजे हवेचा जास्त विरोध. असा रोटर फेरे कमी घेतो पण बॉडीला पीळ जास्त देतो. वरच्या नियमाने मी दिवसभर दुसऱ्याच रोटरचा शाफ्ट साफ करत बसलो. म्हणून "कमी पडतोय" याचा अर्थ पीळ कमी पडतोय असा घ्यायचा; कोणता रोटर हळू फिरतोय एवढ्यावर निर्णय घेऊ नका. पाती काढून टेबलावर एकमेकांशेजारी ठेवा, पिळलेलं लगेच दिसतं. वरच्या आणि खालच्या पात्यांवर बहुतेक वेळा ए-बी अशी खूण असते, तीही बघा, कारण पोरं पाती बदलताना जोड्या मिसळतात.

आता जे दोष नाहीत, त्यांच्याविषयी, कारण त्यांच्या तक्रारी मला जास्त येतात. थ्रॉटल एकदम दिला की नाक थोडं सरकणारच. खालचा रोटर वरच्याने ढकललेल्या हवेत काम करतो, त्यामुळे दोघांची बरोबरी थ्रॉटलनुसार थोडी बदलते. पूर्ण थ्रॉटलवर एका बाजूला वळणं सुस्त वाटणंही तसंच: दोन्ही मोटारी आधीच टोकाला असतील तर बोर्ड फक्त एकीला कमी करू शकतो, मग नाक वळतं पण उंची जाते. थ्रॉटल पूर्ण सोडून खाली येताना स्टिक मेल्यासारखी वाटते, कारण मोटारीच बंद तर पीळ कुठून येणार. आणि टीव्हीच्या रिमोटसारख्या न दिसणाऱ्या प्रकाशावर (इन्फ्रारेडवर) चालणारी खेळणी उन्हात ऐकत नाहीत, कारण सूर्यप्रकाशात रिमोटचा सिग्नलच बुडतो. ती घरातच उडवायची.

हा खाली येतानाचा प्रकार मोठ्या हेलिकॉप्टरांनाही सुटलेला नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो. आपल्या नौदलाकडे रशियन बनावटीची कामोव्ह का-२८ आणि का-३१ हेलिकॉप्टरं आहेत, दोन्ही डबल रोटरची. त्यांचे रोटर गिअरने एकमेकांना बांधलेले असतात, एकाचा वेग वाढवून दुसऱ्याचा कमी करता येत नाही. पायलट पेडल दाबतो तेव्हा एका रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि दुसऱ्याच्या पात्यांचा कमी होतो. एकूण उचल तेवढीच, पीळ वेगळा. पण इंजिन बंद पडून नुसत्या वाऱ्यावर रोटर फिरत खाली येताना ही युक्ती लुळी पडते, काही अवस्थेत तर पेडलचा परिणाम उलटा होतो. म्हणून कामोव्हच्या शेपटीला उभे पंख आणि त्यांवर नाक वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, म्हणजे रडर, असतात. अमेरिकेच्या नौदलाचं क्यूएच-५० हे बिनमाणसाचं हेलिकॉप्टर वेगळ्याच वाटेने गेलं: त्याच्या पात्यांच्या टोकांना ब्रेक होते, ज्या रोटरचा विरोध वाढवायचा त्याच्या टोकांचे ब्रेक उघडायचे. आणि मंगळावर १९ एप्रिल २०२१ला पहिल्यांदा उडालेलं नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर, १.२ मीटरचे दोन रोटर, मिनिटाला सुमारे २,४०० फेरे, तेही नाक वळवायला पात्यांचा कोनच बदलत होतं. एकूण ७२ उड्डाणं केली त्याने. तिथे धूळ भरपूर, पण कापूस नाही.

पुन्हा काउंटरवर येतो. शाफ्ट, मोटार, पिनियन, पाती सगळं ठीक आणि तरी फिरतंय, तर बोर्ड. सुटताक्षणी प्रचंड वेगाने फिरत असेल तर आधी बघा की मागच्या दुरुस्तीत बोर्ड उलटा तर बसवला नाही. उलटा बसला की गायरो अडवायच्या ऐवजी ढकलतो. खात्री करायला हेलिकॉप्टर उतरताना जिच्यावर टेकतं ती खालची पट्टी घट्ट धरा, पाती अंगापासून लांब, अगदी कमी थ्रॉटल, आणि बॉडी झटकन एका बाजूला वळवा. मोटारींचा आवाज बदलेल आणि हाताला विरोध जाणवला पाहिजे. वळवलेल्या बाजूलाच आणखी ओढ जाणवली तर बोर्ड उलटा आहे. एक मोटार सतत पूर्ण वेगाने फिरते किंवा अजिबात फिरत नाही, तर तिचा मॉसफेट, म्हणजे बोर्डावरचा मोटारीला करंट सोडणारा छोटा भाग, जळालाय. तो बदलता येतो, पण मोटार तपासल्याशिवाय बदलू नका. अडलेल्या मोटारीनेच पहिला जाळलेला असतो, दुसराही जाळेल.

काही बोर्डांवर दोन छोटे पितळी स्क्रू असतात, एक गायरो किती जोराने अडवेल त्याचा आणि दुसरा दोन मोटारींच्या प्रमाणाचा. यांना सगळ्यात शेवटी हात लावा. सुरुवातीची जागा मोबाइलने फोटो काढून ठेवा, मगच फिरवा, एका वेळी केसभर. पहिला जास्त झाला की शेपटी दोन्हीकडे थरथरते, तेव्हा तिथून थोडं मागे यायचं. प्रमाणाचा स्क्रू असा लावायचा की रिमोटची ट्रिम मधोमध असताना हेलिकॉप्टर कॅरम बोर्डवर वळत नाही. म्हणजे ट्रिमला दोन्ही बाजूंना जागा उरते, आणि पुढे ती एकीकडे सरकायला लागली की कापूस साचतोय हे आठ दिवस आधी कळतं.

धरणगावच्या पोराला मी त्याच्या रिमोटवर ट्रिमच्या मधल्या जागेशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय. परवा फोन आला, "काका, ठिपक्यापासून दोन घर डावीकडं गई." म्हटलं, बॅटरी काढ आणि खालचं बेअरिंग बघ. पाच मिनिटांनी फोन, केस निघाला, त्याच्या बहिणीचा.